रास्त

दुकानाची पाटी आबांनी रंगवून घेतलेली:
मे. कोरगावकर आणि सन्स, वेंगुर्ले. रास्त दर.
समुद्राची हवा अक्षरं खाते.
'सन्स' गेलं केव्हाच, तसाही मी एकटाच उरलोय.
'दर' पुसट झाला.
'रास्त' अजून वाचता येतं,
पेंटरनं तिथे रंग जास्त घेतला असावा.

मंगळवारी हर्षाली धुरी आली,
स्कूटीला दोन खोकी बांधून.
काजू. बायकांचा गट आहे म्हणाली, स्वतःच फोडतात, सोलतात.
पाकिटामागे छापलेलं: सोलणारीला किलोमागे किती मिळाले,
हातमोजे, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी.
'काका, किलो एक हजार चाळीस.'
माझ्याकडचे आठशेचे.
पाव किलोला साठ रुपयांचा फरक.
'कोण देतला गो इतके?'
तिनं फोनवर एक हात दाखवला.
चिकानं काळा, बोटांची सालं सुटलेली,
अंगठा गुळगुळीत, एक रेषा नाही.
'गटात यायच्या आधीचा,' ती म्हणाली.
'रेशनच्या मशीनवर उमटायचाच नाही.'

रेशनच्या दुकानावरही तेच लिहिलंय, सरकारी निळ्यात:
रास्त भाव.

माझा डबा कुडाळहून येतो.
बी कुठली, सोलली कुणी,
डबा बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही.
वजनमापवाला दरवर्षी येतो,
काटा बघतो, वजनांवर शिक्का ठोकतो, चहा घेतो, जातो.
त्याच्या वहीत याला रकाना नाही.

रात्री उधारीची वही काढून बसलो.
बांगडा पडला की ही माणसं
चहापूड पाव किलोवरून पन्नास ग्रॅमवर आणतात.
खोबरेल बाटलीतून नाही, वाटीतून नेतात.
त्यांना मी कुणाच्या हातमोज्यांचे पैसे कसे लावू?
चाळीस वर्षं रास्त म्हणजे
घेणाऱ्याला रास्त, एवढंच मी धरलं.
आबांनीही तेच धरलं असणार.
विचारायला ते नाहीत,
आणि असते तर म्हणाले असते, आधी शटर ओढ.

सकाळी इनास फर्नांडिस आली.
पाकीट उलटंसुलटं केलं, चष्मा वर सरकवून वाचलं.
'बरा आसा रे,' म्हणाली,
'पण माका डब्यातलेच दी. नाताळाक दोन किलो लागतत.'
दारापर्यंत गेली, परत आली.
'एक ह्या पण दी. पाव किलो.
वर दिसाक ह्येच घालतंय.'
मी हसलो नाही. हिशेब तिचाही बरोबर होता.

दुपारी सुभद्रा पोटमाळ्यावरून खाली उतरली,
पदरावर तूरडाळीची धूळ.
अकरा वर्षं ती डाळ निवडते, पाकिटं भरते,
मेणबत्तीवर तोंड चिकटवते.
पाकिटावर नाव माझं: कोरगावकर, शुद्ध व निवडक.
तिनं काजूचं पाकीट उचललं
आणि मागचं वाचू लागली, एकेक अक्षर लावत,
सो ल णा री ला.
आकड्याशी थांबली.
'भाऊ, ह्या खरा काय ओ?'
'छापलाहा तर खरा असात,' मी म्हटलं.
ती काहीच बोलली नाही.
पाकीट होतं तिथे ठेवलं, सरळ करून,
आणि वर गेली.
शिडीची तिसरी पायरी वाजते, ती वाजली.

हर्षालीला फोन करायचाय. उद्या करतो म्हणून दोन दिवस झाले.
खोकी साबणांपासून लांब ठेवलीत, वास लागतो.
ठेवायचं तर दर्शनी फळीवर ठेवायला हवं,
आणि ती फळी गल्ल्याच्या समोर आहे,
पोटमाळ्याच्या शिडीच्या अगदी बाजूला.
येता जाता वाचता येईल अशी.

आज शनिवार. सुभद्राचा हिशेब.
नेहमीच्या नोटा गल्ल्याखाली मोजून ठेवल्यात.
पावसाळी गिऱ्हाईक, दुकान रिकामं.
सहज चार पाकिटं काट्यावर ठेवली:
एक किलो. काटा मध्ये.
उतरवून ठेवली,
आणि नोटा पुन्हा मोजायला घेतल्या.